परावर्तक पॅनेल आणि एज सर्व्हर : ऊर्जेच्या हिशेबाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

प्रश्न असा: उपकरणांनी आपली कामे स्वतः करण्याऐवजी पॅनेलमार्गे सर्व्हरकडे पाठवली तर एकूण ऊर्जा वाचते का? मांडणी पक्की केली. चार उपकरणे, एका अँटेनाचे केंद्र, केंद्राला जोडलेला चार कोअरचा एज सर्व्हर आणि उपकरणांपासून ५ मीटरवर लावलेले परावर्तक पॅनेल (लहान घटकांचे, रेडिओ लहरींची फेज बदलून त्या हव्या दिशेला परतवणारे). केंद्र ते पॅनेल ६० मीटर, मध्ये अडथळा नाही. केंद्र ते उपकरणे हे अंतरही ६० मीटर, पण मध्ये भिंती आहेत. वारंवारता ३.५ गिगाहर्ट्‌झ, बँडविड्थ १ मेगाहर्ट्‌झ. उपकरणे आळीपाळीने पाठवतात, म्हणजे टीडीएमए. दर ०.५ सेकंदाला प्रत्येक उपकरणाकडे ४ लाख बिटचे काम येते. प्रत्येक बिटला प्रोसेसरची १,००० चक्रे लागतात, म्हणजे एका कामाला ४० कोटी चक्रे. मुदत तीच ०.५ सेकंद. उत्तराचे बिट थोडे असतात, म्हणून परतीचा प्रवास धरलेला नाही.

ऊर्जेच्या खात्यात काय धरायचे हे आधीच ठरवले: उपकरणाचा प्रोसेसर, त्याचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर (कार्यक्षमता ३५ टक्के), त्याचे रेडिओ सर्किट (१०० मिलिवॅट), पॅनेलचे डायोड, पॅनेलचा मायक्रोकंट्रोलर (१०० मिलिवॅट) आणि सर्व्हरने प्रत्यक्ष कामावर खर्च केलेली ऊर्जा. सर्व्हरचा बसल्याजागीचा खर्च वगळला, कारण तो इतर कामांसाठी चालूच असतो. पॅनेल ‘निष्क्रिय’ म्हणून त्याचा खर्च शून्य धरण्याची पद्धत सर्रास दिसते. पण ते लहरींना बळ देत नाही एवढ्यावरून ते वीज खात नाही असे ठरत नाही. या प्रकल्पाचा निकाल बराचसा याच एका ओळीवर उलटसुलट होतो.

५ जून

सिम्युलेशनमध्ये १ मीटरवरचा संदर्भ ऱ्हास (सिग्नल तिथवर किती क्षीण होतो) ३० डेसिबल धरण्याची सवय आहे. हा आकडा तपासून घ्यावा. मुक्त अवकाशात १ मीटरवर ३० डेसिबल ऱ्हास साधारण ७५५ मेगाहर्ट्‌झला येतो. ३.५ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी ८.५७ सेंटिमीटर आणि ऱ्हास ४३.३ डेसिबल. थेट मार्गात फरक १३.३ डेसिबलचा पडतो, पण पॅनेलमार्गे दोन टप्पे असल्याने तो दोनदा लागतो, म्हणजे २६.६ डेसिबल. चुकीचा संदर्भ घेतला तर पॅनेल आहे त्यापेक्षा फार चांगले दिसते.

उलट बाजूची एक गोष्टही सुटते. अर्ध्या तरंगलांबीच्या चौकोनी घटकाचा लाभ π इतका, म्हणजे ५ डेसिबलच्या जवळ असतो. घेताना आणि सोडताना मिळून ९.९ डेसिबल. समदिश, म्हणजे सर्व दिशांना सारखे, घटक धरले तर हे हातचे जातात.

मार्गांचा हिशेब:

थेट मार्ग, घातांक ३.५ (अंतराच्या कितव्या घाताने ऱ्हास वाढतो तो): ४३.३ + ६२.२ = १०५.५ डेसिबल. भिंतींचे २० धरून १२५.५.

पॅनेलमार्गे, एका घटकाचा: ७८.९ (६० मीटर) + ५७.३ (५ मीटर) − ९.९ = १२६.३ डेसिबल. सगळे घटक जुळवले की शक्ती घटकसंख्येच्या वर्गाने वाढते. घटक दुप्पट केले की ६ डेसिबल मिळतात. एक-बिट फेजमुळे (प्रत्येक घटकाला ० किंवा १८० अंश एवढेच पर्याय) ३.९ आणि घटकातील वहनहानी २ डेसिबल परत द्यावे लागतात.

दोन बिटची फेज घेतली असती तर ३.९ ऐवजी ०.९ डेसिबलच गेले असते, पण प्रत्येक घटकाला किमान दोन डायोड लागले असते. ३ डेसिबलसाठी डायोडचा खर्च दुप्पट करण्यापेक्षा तेच डायोड जादा एक-बिट घटकांवर लावले तर ६ डेसिबल मिळतात. जागा असेल तिथे एक बिटच घ्यावा.

८ जून

उपकरणावरच काम केले तर किती? ०.५ सेकंदात ४० कोटी चक्रे म्हणजे ०.८ गिगाहर्ट्‌झ. ऊर्जा = कॅपा × चक्रे × वारंवारतेचा वर्ग. कॅपा हा प्रोसेसरच्या चिपचा स्थिरांक. कॅपा १० चा −२७ वा घात धरला तर एका कामाला ०.२५६ ज्यूल, चौघांचे मिळून १.०२४ ज्यूल. आपली तुलना याच आकड्याशी.

कॅपा कुठूनही उचलू नये. १ गिगाहर्ट्‌झला प्रोसेसर किती वॅट खातो ते मोजले की तो लगेच कळतो: १ वॅट खात असेल तर −२७ वा घात, ०.१ वॅट असेल तर −२८ वा. एका घाताच्या फरकाने ऑफलोडिंग (काम सर्व्हरकडे पाठवणे) फायद्याचे की तोट्याचे हेच बदलते. दुसरी मर्यादा अशी की हे सूत्र वारंवारतेबरोबर व्होल्टेजही खाली येते असे मानते. व्होल्टेज तळाला टेकल्यावर वारंवारता आणखी उतरवून प्रति चक्र ऊर्जा कमी होत नाही. म्हणून मॉडेलमध्ये ०.४ गिगाहर्ट्‌झचा तळ घातला.

१२ जून

नियंत्रण बोर्ड. प्रत्येक घटकाला एक पिन डायोड, चालवायला ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टर (एकेक बिट घेऊन आठ आउटपुटवर मांडणारी आयसी), एकामागोमाग जोडलेली. १६×१६ च्या पॅनेलला २५६ आउटपुट, म्हणजे ३२ आयसी.

पहिला अडथळा इथेच आहे. डायोडला १० मिलिअँपियर द्यायचे तर आठ आउटपुट मिळून ८० होतात, आणि या आयसीच्या पुरवठा पिनची कमाल मर्यादा ७० मिलिअँपियर आहे. सगळे घटक एकदम चालू होणारा एखादा नमुना आला की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून ३.३ व्होल्टवर ४७० ओहमचा रोधक घेतला: (३.३ − ०.८) ÷ ४७० = ५.३ मिलिअँपियर, आठांचे ४३. भाराखाली आउटपुटचा व्होल्टेज थोडा उतरतो आणि प्रत्यक्ष प्रवाह याहून किंचित कमी येतो. हिशेबात वरचाच आकडा ठेवला. प्रवाह कमी केल्याने डायोडचा चालू स्थितीतला रोध वाढतो. वरचे २ डेसिबल वहनहानीचे धरले आहेत ते त्यासाठीच.

चालू घटकामागे ३.३ × ५.३ = १७.५ मिलिवॅट. सरासरी निम्मे घटक चालू धरले तर प्रति घटक ८.७५ मिलिवॅट, आणि २५६ घटकांचे २.२४ वॅट. यातला मोठा भाग डायोडमध्ये नव्हे, रोधकात जळतो.

आउटपुट एनेबल ही पिन जमिनीला कायमची जोडू नये. ती मायक्रोकंट्रोलरकडे न्यावी. पाठवण्याची वेळ संपली की ती वर केली की सगळे डायोड एका फटक्यात बंद. तिला पुल-अप रोधकही लावावा, नाहीतर वीज येताच रजिस्टरमध्ये जे काही बिट असतील ते सरळ डायोडवर जातात.

१७ जून

आता पॅनेल किती मोठे हवे? चौघांचे १६ लाख बिट ०.४ सेकंदात पाठवायचे तर दर हर्ट्‌झला ४ बिट प्रति सेकंद. त्यासाठी सिग्नल नॉइजच्या १५ पट, म्हणजे ११.८ डेसिबल वर हवा. नॉइज −१०७ डीबीएम, म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल (रिसीव्हरची स्वतःची भर, नॉइज फिगर, ७ धरून).

थेट मार्गाने ३०.३ डीबीएम, म्हणजे १ वॅटच्या वर लागतो. २३ डीबीएमची मर्यादा असलेल्या उपकरणाला ते शक्य नाही. पॅनेलमार्गे:

२५६ घटक: −११.२ डीबीएम. अ‍ॅम्प्लिफायर ०.२ मिलिवॅट, पॅनेल २,२४०.
६४ घटक: ०.९ डीबीएम. अ‍ॅम्प्लिफायर ३.५, पॅनेल ५६०.
१६ घटक: १२.९ डीबीएम. अ‍ॅम्प्लिफायर ५५, पॅनेल १४०.
८ घटक: १८.९ डीबीएम. अ‍ॅम्प्लिफायर २२२, पॅनेल ७०.

बेरीज १६ च्या आसपास सर्वांत कमी येते. कारण सरळ आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च घटकसंख्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, पॅनेलचा सरळ प्रमाणात चढतो. घटकसंख्या एक असती तर अ‍ॅम्प्लिफायरला जी शक्ती लागली असती तिला अ म्हणू, प्रति घटक खर्चाला क. मग इष्टतम संख्या = (२अ ÷ क) चे घनमूळ. इथे ती १४.८ येते. त्या बिंदूवर पॅनेलचा खर्च अ‍ॅम्प्लिफायरच्या बरोबर दुप्पट असतो. मीटर लावून पाहण्याची ही सोपी खूण आहे: पॅनेल दुपटीहून जास्त खात असेल तर ते गरजेपेक्षा मोठे आहे.

घनमूळ असल्यामुळे घाईने डायोड बदलून फारसे हलत नाही. व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने चालणारा, प्रवाह जवळजवळ न घेणारा डायोड) लावून प्रति घटक खर्च दहापट उतरवला तरी इष्टतम संख्या २.१५ पटच वाढते.

मोठ्या पॅनेलची आणखी एक अडचण. १६×१६ ची बाजू ६८.६ सेंटिमीटर, कर्ण ९७. दूरक्षेत्र, म्हणजे लहर सपाट धरता येते तो भाग, २२ मीटरपलीकडे सुरू होते आणि उपकरणे तर ५ मीटरवर आहेत. सपाट लहर धरून काढलेली फेज कोपऱ्यातील घटकाला ९९ अंशांनी चुकते. प्रत्येक घटकाचे अंतर वेगळे मोजून फेज काढली की हे सुटते. ४×४ च्या पॅनेलचे दूरक्षेत्र १.४ मीटरलाच सुरू होते, तिथे हा प्रश्नच येत नाही.

२१ जून

इथवर फक्त रेडिओचा हिशेब झाला. आता सर्व्हर. त्याचा कॅपा १० चा −२८ वा घात, प्रत्येक काम वेगळ्या कोअरवर, प्रत्येक कोअरची वारंवारता स्वतंत्र.

०.४ सेकंद पाठवण्यात गेले की पहिल्या उपकरणाच्या कामाला सर्व्हरकडे ०.४ सेकंद उरतात, दुसऱ्याला ०.३, मग ०.२, आणि चौथ्याला ०.१. लागणाऱ्या वारंवारता १, १.३३, २ आणि ४ गिगाहर्ट्‌झ. ऊर्जा ४०, ७१, १६० आणि ६४० मिलिज्यूल. शेवटच्याला पहिल्याच्या सोळापट. एकूण ९११ मिलिज्यूल.

त्यात रेडिओ आणि पॅनेलचे ७८, उपकरणांच्या रेडिओ सर्किटचे ४० आणि मायक्रोकंट्रोलरचे ५० मिळवले की १,०७९ मिलिज्यूल. उपकरणांवरच काम केले असते तर १,०२४. म्हणजे १६ घटकांचे, रेडिओच्या दृष्टीने अगदी इष्टतम पॅनेल लावूनही एकूण ऊर्जा वाढली. बॅटरीची बचत झाली हे खरे, पण ती सर्व्हरच्या बिलातून.

२३ जून

पॅनेलने मिळवून दिलेले डेसिबल पाठवण्याची शक्ती उतरवण्यात घालू नयेत, वेळ वाचवण्यात घालावेत.

तेच बिट ०.४ ऐवजी ०.२ सेकंदात पाठवू. दर हर्ट्‌झला ८ बिट, सिग्नल २४.१ डेसिबल वर हवा, म्हणजे १२.३ डेसिबल जास्त. घनमूळाचे सूत्र पुन्हा लावले की ३८ घटक येतात. ६×६ घेतले. मार्गऱ्हास १०१.१, पाठवण्याची शक्ती १८.२ डीबीएम, अ‍ॅम्प्लिफायर १८९ मिलिवॅट, पॅनेल ३१५. ०.२ सेकंदांचे १०१ मिलिज्यूल. रेडिओच्या खात्यात २३ मिलिज्यूलची वाढ.

सर्व्हरला आता ०.४५, ०.४०, ०.३५ आणि ०.३० सेकंद मिळतात. ऊर्जा ३२, ४०, ५२ आणि ७१, एकूण १९५ मिलिज्यूल. तिथे ७१६ वाचले.

बेरीज: १०१ + १९५ + २० + ५० = ३६६ मिलिज्यूल. उपकरणांवर काम करण्याच्या तुलनेत ३६ टक्के. रेडिओचा खर्च वाढवला तेव्हाच एकूण खर्च उतरला. रेडिओ आणि सर्व्हर वेगवेगळे इष्टतम करून नंतर जोडले तर हे उत्तर कधीच सापडणार नाही.

२६ जून

सगळेच बिट पाठवायची गरज नाही. उपकरणावरची ऊर्जा बिटांच्या घनाने वाढते, म्हणून पहिले बिट जवळजवळ फुकट असतात. १ लाख बिट उपकरणावर ठेवले तर सूत्राप्रमाणे ४ मिलिज्यूल, पण ०.२ गिगाहर्ट्‌झ तळाखाली जाते, म्हणून खरे १६. चौघांचे ६४.

बदल्यात सर्व्हरची ऊर्जा १९५ वरून ८२ वर येते. दर हर्ट्‌झला ६ बिट पुरतात, आणि अ‍ॅम्प्लिफायर १८९ वरून ४७ मिलिवॅटवर. बेरीज २८९ मिलिज्यूलच्या आसपास. व्होल्टेजचा तळ मॉडेलमध्ये नसता तर आणखी ४८ वाचल्यासारखे दिसले असते, ते खरे नव्हते.

या कमी दराला ५×५ चे पॅनेल पुरते, आणि त्याने ९ मिलिज्यूल वाचतात. तरी ६×६ ठेवले. चॅनेल बिघडल्यावर वापरायला ३ डेसिबल हाताशी असणे जास्त मोलाचे.

३० जून

चॅनेलचा अंदाज, म्हणजे प्रत्येक घटकामार्गे येणाऱ्या सिग्नलची फेज आणि ताकद मोजणे. घटक एकेक करून चालू-बंद करून मोजायची पद्धत एक-बिट पॅनेलला लागूच पडत नाही: घटकाला ‘बंद’ अशी स्थिती नसते, फेज ० किंवा १८० अंश एवढेच. त्यामुळे हॅडामार्ड नमुने (फक्त +१ आणि −१ च्या, परस्परलंब ओळी). ३६ घटक आणि एक थेट मार्ग मिळून ३७ अज्ञात, जवळचा चालणारा हॅडामार्ड क्रम ४०. डीएफटी (डिस्क्रीट फूरिए ट्रान्सफॉर्म) नमुने इथे निरुपयोगी, कारण त्यांना मधल्या फेज लागतात.

८ मेगाहर्ट्‌झच्या एसपीआयवर (मायक्रोकंट्रोलर ते आयसी ही सिरियल जोडणी) पाच आयसींचे ४० बिट ५ मायक्रोसेकंदांत जातात, पायलट (ओळखीचा चाचणी सिग्नल) १० मायक्रोसेकंद. ४० नमुन्यांचे ६०० मायक्रोसेकंद. २० डीबीएमचा पायलट धरला तर एका घटकाचा सिग्नल −१०८.३ डीबीएम, नॉइजच्याही खाली. पायलटमधल्या दहा चिन्हांचे १० आणि चाळीस नमुन्यांचे १६ डेसिबल मिळून, नॉइजखालचे १.३ वजा जाता, २४.७ डेसिबल होतात. एक-बिट निर्णयाला हे भरपूर.

हा अंदाज किती वेळाने शिळा होतो? १.५ मीटर प्रति सेकंद चालणाऱ्या माणसाच्या हातात उपकरण असेल तर डॉप्लर (हालचालीमुळे वारंवारतेत पडणारा फरक) १७.५ हर्ट्‌झ, सुसंगती काळ (चॅनेल जवळपास तसेच राहते तो वेळ) २४ मिलिसेकंद. दर २० मिलिसेकंदांनी पुन्हा मोजायचे तर ३ टक्के वेळ जातो. १६×१६ च्या पॅनेलला हेच काम १०.९ मिलिसेकंदांचे आहे, निम्म्याहून जास्त वेळ मोजण्यातच. स्थिर उपकरणांना मोठे पॅनेल परवडेल, हलत्यांना नाही.

४ जुलै

सोडवणूक. टीडीएमए आणि एक अँटेना असेल तर फेज आणि वेळ आलटून-पालटून सोडवण्याची गरज नाही. प्रत्येक उपकरणाची उत्तम फेज इतरांवर अवलंबून नसते. एक बिटसाठी घटकांचे कोन क्रमाने लावायचे आणि एकेक घटक उलटवत सगळ्या विभागण्या तपासायच्या. नेमके उत्तम उत्तर मिळते. अर्धनिश्चित शिथिलीकरण आणि यादृच्छिक नमुने या जड, अंदाजी पद्धती इथे कामाला जुंपू नयेत.

उरलेला प्रश्न (बिट, वेळ, वारंवारता) उत्तल आहे, म्हणजे त्यात सापडलेला कोणताही तळ हाच सर्वांत खालचा. पाठवण्याची ऊर्जा सीव्हीएक्सपायमध्ये (उत्तल प्रश्न सोडवणारी पायथन लायब्ररी) थेट लिहिली तर उत्तलता ओळखली जात नाही. ती एक्सपकोन (घातांकी शंकू) बंधनाने लिहावी, आणि क्रम पाळावा: घातांक, वेळ, वरची मर्यादा. दोनचा घात असल्याने बिटांना २ च्या नैसर्गिक लॉगने गुणायला विसरू नये.

सॉल्व्हर ‘अचूक नाही’ असे सांगू लागला तर आधी एकके पाहावीत. नॉइज १० च्या −१४ व्या घाताचा आणि बिट लाखांत, असे आकडे एका मॅट्रिक्समध्ये टिकत नाहीत. चॅनेलला नॉइजने भागून टाकावे, बिट मेगाबिटमध्ये आणि ऊर्जा मिलिज्यूलमध्ये घ्यावी.

प्रति ज्यूल बिट हे गुणोत्तर वाढवायचे असेल तर डिंकेलबाख यांची १९६७ ची पद्धत: बिट वजा क्यू गुणिले ऊर्जा हे वाढवायचे, मिळालेल्या गुणोत्तराने क्यू बदलायचा, फरक शून्याला टेकेपर्यंत. मात्र प्रत्येक उपकरणाचे किमान बिट बंधनात घालावेतच. नाहीतर गुणोत्तर चांगल्या चॅनेलवाल्यालाच सगळे देते.

७ जुलै

डायोडची एक फुकटची बचत. सगळे घटक उलटे केले, ० चे १८० आणि १८० चे ०, तर पॅनेलमार्गे येणाऱ्या सिग्नलचे फक्त चिन्ह (अधिक-उणे) बदलते, ताकद तीच. मग दोन्हींपैकी ज्यात कमी डायोड चालू आहेत तो नमुना घ्यावा. ३६ घटकांत सरासरी १८ ऐवजी १५.६ चालू राहतात.

पण थेट मार्ग अगदीच शून्य नाही. तो पॅनेलमार्गापेक्षा २४.४ डेसिबल खाली, म्हणजे आयामात ६ टक्के. उलटवल्याने वाईटात वाईट १ डेसिबल जातो, आणि १८९ मिलिवॅटवर तो ५१ मिलिवॅटचा पडतो. २२ चालू डायोडांचे १४ होत असतील तर १४० मिलिवॅट वाचतात, उलटवावे. १९ चे १७ होत असतील तर ३५ च वाचतात, आहे तसे ठेवावे. फर्मवेअरमध्ये ही तुलना दर नव्या अंदाजानंतर घातली.

९ जुलै

पाठवण्याचा क्रम. कामे सारखी असतील तर ज्याला कमी वेळ लागतो, म्हणजे ज्याचे चॅनेल सर्वांत चांगले, त्याला आधी पाठवू द्यावे. लहान वेळा आधी लावल्या की प्रत्येक टप्प्यापर्यंतची बेरीज शक्य तितकी लहान राहते, आणि प्रत्येक कामासाठी सर्व्हरला शक्य तितका वेळ उरतो. कामे असमान असतील तर हा नियम पुरत नाही. जड काम मागे राहिले तर त्याची ऊर्जा चक्रांच्या घनाने वाढते. चार उपकरणांचे क्रम फक्त २४ आहेत, सगळे तपासून घ्यावेत. एका क्रमाला एक उत्तल प्रश्न, आणि चॅनेल किंवा कामांचे आकार बदलले की तो पुन्हा सोडवायचा.